महापेचा आकडा कोपरखैरण्याला लागू पडतो का?

वाचकाचं पत्र: "आम्ही कोपरखैरण्यात, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, पाचव्या मजल्यावर राहतो. मुलगा ९ वर्षांचा, त्याला दमा आहे. हिवाळ्यात मी रोज हवेचा आकडा बघते आणि रोज गोंधळते. परवा एकाच सकाळी समीर ॲपवर महापे २१२, ऐरोली १३८, फोनच्या हवामान ॲपवर १६५ आणि मिस्टरांनी आणलेल्या छोट्या यंत्रावर ९४. खरं कोणतं? रात्री दोननंतर रासायनिक वास येतो, तेव्हा यंत्र मात्र गप्प असतं. मुलाचं फुटबॉल सकाळी साडेसहाला असतं. खिडक्या कधी उघडायच्या? घर बदलावं का? खारघरला आणि घोडबंदर रोडला घरं बघून ठेवली आहेत."

ताई,

तुमचे चार आकडे एकाच मापातले नाहीत. ते एका मापात आणले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो, म्हणून आधी तेवढं करू.

घरातलं यंत्र दाखवतं ते मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे एक घनमीटर हवेत अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण (पीएम २.५) वजनाने किती आहेत ते. समीर या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ॲपवर दिसतो तो एक्यूआय, म्हणजे निर्देशांक. भारतीय पट्टीवर पीएम २.५ ३० असेल तर निर्देशांक ५०, ६० ला १००, ९० ला २००, १२० ला ३०० आणि २५० ला ४००. मधले आकडे त्या त्या टप्प्यात सरळ प्रमाणात भरायचे. या हिशेबाने तुमच्या यंत्रावरचे ९४ म्हणजे निर्देशांक सुमारे २१३. महापेच्या २१२ ला जवळजवळ चिकटून. जो आकडा तुम्हाला सगळ्यांत बरा वाटला, तो सगळ्यांत वाइटाच्या रांगेतला निघाला.

फोनच्या ॲपवरचे १६५ बहुधा अमेरिकी पट्टीवरचे असावेत. तिथे ५५.५ ते १२५.४ मायक्रोग्रॅमला १५१ ते २०० निर्देशांक मिळतो, म्हणजे १६५ ला सुमारे ७५ मायक्रोग्रॅम. ऐरोलीचे १३८ भारतीय पट्टीवरून उलटे मोडले तर सुमारे ७२ येतात. हे दोघेही एकच गोष्ट सांगत होते. ॲपच्या सेटिंगमध्ये पट्टी कोणती ते लिहिलेलं असतं, एकदा बघून ठेवा. मात्र फोनच्या हवामान ॲपचा आकडा बरेचदा हवा मोजणाऱ्या कुठल्या केंद्रावरचा नसतोच. उपग्रह आणि संगणकी मॉडेलवरून काढलेला असतो आणि त्याची एकेक चौकट कित्येक किलोमीटरची असते. त्या चौकटीत खाडी, एमआयडीसी आणि तुमची सोसायटी सगळं एकत्र कालवलेलं. उद्या हवा चढणार की उतरणार, एवढ्यापुरता तो बरा. आपल्या गल्लीसाठी नाही.

आता महापेचे २१२. एक्यूआयमध्ये जो प्रदूषक सर्वांत वाईट, त्याचाच निर्देशांक केंद्राचा म्हणून लागतो. २१२ पीएम २.५ मुळे आला असेल तर प्रमाण ९४, आणि पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) मुळे आला असेल तर पीएम १० सुमारे २६२. दुसऱ्या बाबतीत महापेला धूळ जास्त होती, बारीक कण कदाचित ऐरोलीइतकेच. औद्योगिक रस्ता, डंपर, खणलेला फुटपाथ, परिसरातलं खडी-क्रशिंग यांतून उडते ती बहुतेक जाडी धूळ. ती बारीक कणांपेक्षा लवकर खाली बसते आणि तुमच्यापर्यंत कमीच पोचते. समीरवर केंद्राच्या नावावर टिचकी मारली की त्या दिवशी प्रमुख प्रदूषक कोणता ते दिसतं. दोन केंद्रांचे प्रमुख प्रदूषक वेगळे असतील तर त्यांच्या एक्यूआयची तुलना करूच नका.

थोडं खोलात जायचं असेल तर केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर तासागणिक पीएम २.५ आणि पीएम १० दोन्ही मिळतात. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.४ च्या खाली असेल तर धुळीचा जोर, ०.६ च्या वर असेल तर जळणाचा: वाहनं, बॉयलर, भट्ट्या, पेटवलेला कचरा. अगदी काटेकोर कसोटी नव्हे, पण रोजच्या कामाला पुरते. दम्याच्या मुलासाठी दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण ते कण नाकात-घशात न अडकता फुफ्फुसात खोलवर जातात. जाड धुळीनेही खोकला येतोच, पण तिच्यापासून दूर राहणं त्या मानाने सोपं.

आणि समीरवरचा आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीवरचा असतो. तो त्या क्षणाचा नसतो, आणि सगळा घोळ इथेच आहे. एक हिशेब करून बघा. दिवसातले १८ तास प्रमाण ४० आणि ६ तास १२० राहिलं, तर सरासरी बरोबर ६० आणि निर्देशांक १००, 'समाधानकारक'. राष्ट्रीय मानकाची २४ तासांची मर्यादाही ६० च आहे, म्हणजे कागदावर सगळं ठीक. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली २४ तासांची पातळी १५ आहे, ती गोष्ट निराळी.) पण ते १२० वाले सहा तास कोणते, यावर तुमच्या मुलाचं सगळं अवलंबून आहे. आणि हिवाळ्यात त्यांतला एखादा तास साडेसहाच्या सरावावर पडण्याची शक्यता चांगलीच आहे.

म्हणूनच आमचं म्हणणं असं की ठिकाणं ताडून बघण्याआधी तास ताडून बघा. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात हिवाळ्यातल्या एकाच दिवशी, एकाच गच्चीवर, दुपारी तीन आणि सकाळी आठ यांत जेवढा फरक पडतो, तेवढा फरक एकाच तासाला दोन नोडमध्ये (उपनगरांत) सहसा पडत नाही.

असं का, तर पीएम २.५ चा मोठा हिस्सा कुठल्या एका चौकात तयार होत नाही. गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायू हवेत काही तासांत ते दोन दिवसांत सल्फेट-नायट्रेटचे कण बनतात. तोवर वाऱ्याने त्यांना भिवंडी, कल्याण, मुंबई, पनवेल असं सगळीकडे फिरवून आणलेलं असतं. हा साऱ्या परिसराचा सामाईक थर. त्यावर प्रत्येक ठिकाणचा आपापला वरचा भर: जवळचा महामार्ग, बेकरी, रोलिंग मिल, पेटलेला कचरा. महामार्गाच्या कडेपासून आत गेलात तर धुरातला काळा कार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड दोनशे-तीनशे मीटरमध्ये बरेच खाली येतात. पीएम २.५ चं वजन मात्र तेवढ्याच अंतरात थोडंसंच उतरतं, कारण त्यात सामाईक थराचाच वाटा मोठा. तुम्ही अर्ध्या किलोमीटरवर आहात. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या थेट धुराची चिंता तुम्ही थोडी कमी केली तर चालेल.

चिंता करायची ती वाऱ्याची. तुमच्या पश्चिमेला खाडी आणि कांदळवन, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे टीटीसी औद्योगिक पट्टा, म्हणजे इथली एमआयडीसी, आणि मागे पारसिकचा डोंगर. हिवाळ्यात दुपारी खारा वारा सुटतो, पश्चिम-वायव्येकडून. त्या वेळी जमीन तापलेली असते, हवा वरपर्यंत घुसळली जाते, धूर पातळ होतो, आणि उरलेला एमआयडीसीकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर ढकलला जातो. संध्याकाळी वारा पडतो. रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि तापमानाच्या या विपरीततेमुळे वर झाकण बसतं. मग मध्यरात्रीनंतर मतलई वारा पूर्वेकडून हळूहळू सरकायला लागतो. पट्ट्यातला धूर त्या झाकणाखालून सरळ तुमच्या पूर्वेच्या खिडकीत. सकाळी सूर्य वर आल्यावरही झाकण लगेच उठत नाही. त्यातच वाहतूक सुरू होते. आठ-नऊच्या सुमाराला जे दिसतं ते धुकं नसतं, धुरकं असतं.

यातून कोणतं केंद्र बघायचं तेही ठरतं. महापे औद्योगिक पट्ट्याच्या पूर्वेच्या अंगाला आहे. दुपारी खाऱ्या वाऱ्यात ते एमआयडीसीच्या वाऱ्याखाली, म्हणजे धूर जातो त्या बाजूला, येतं आणि तुम्ही वाऱ्यावर असता, त्यामुळे दुपारचा महापेचा आकडा तुमच्यासाठी नेहमी फुगलेला. रात्री गणित उलटं होतं. तुमच्या दक्षिणेला लागून वाशीचं कोपरीपाडा केंद्र आहे. खाडी, रस्ता आणि पावण्याचा औद्योगिक भाग यांच्याशी त्याचं नातं बरंचसं तुमच्यासारखं. रोजच्या वापराला ते धरा, आणि ऐरोली ताळा म्हणून ठेवा. दोन्ही एकदम चढली तर सामाईक थर चढला आहे, खिडकी लावा आणि सोडून द्या. ऐरोली शांत आणि कोपरी एकटंच चढलं तर तुमच्या बाजूचं काहीतरी आहे. नेरूळ, सानपाडा तुमच्यापासून लांब आणि तळोज्याचं तोंडरे केंद्र तर पार दुसऱ्या खोऱ्यातलं. त्यांच्याकडे बघून खिडकी उघडू नका.

केंद्राचे आकडे वाचताना एवढं सांभाळा की सरळ रेषेत तासन्‌तास तोच आकडा असेल तर उपकरण अडकलं आहे. मध्येच ९८५ किंवा ९९९ दिसलं तर तो बिघाडाचा संकेत, त्याचा प्रदूषणाशी संबंध नाही. आणि दिवसाचे १६ तासही भरले नसतील तर त्या दिवशीच्या सरासरीला अर्थ नाही.

आता तुमच्या यंत्राकडे वळू. या छोट्या यंत्रांत एक लेझर आणि एक बारीक पंखा असतो. पंखा हवा ओढतो, कणांवर पडलेला प्रकाश विखुरतो, त्यावरून कणांचा अंदाज आणि त्यावरून वजनाचा अंदाज. सरकारी केंद्रातलं उपकरण फितीवर कण गोळा करून बीटा किरणांनी वजन काढतं, आणि त्याआधी आत येणारी हवा तापवून सुकवतं. तुमच्या यंत्रात हे सुकवणं नाही. पहाटे खाडीकाठची आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर गेली की सल्फेट-नायट्रेटचे कण पाणी पिऊन फुगतात, जास्त प्रकाश उडवतात, आणि यंत्र आकडा चढवून सांगतं. त्यामुळे ते ९४ पहाटेचे असतील तर खरे कदाचित ६०-६५ असतील. ऊन चढून हवा सुकल्यावरचे असतील तर बरेचसे खरे.

हा फरक घरच्या घरी काढता येतो. पंधरा दिवस यंत्र बाल्कनीत ठेवा आणि दर तासाची सरासरी काढा. क्षणाक्षणाचा आकडा लिहू नका, शेजारच्या एका फोडणीने तो दुप्पट होतो. त्याच तासाचा कोपरीचा पीएम २.५ समोर लिहा. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खालचे तास एका रकान्यात, वरचे दुसऱ्यात. प्रत्येक रकान्यात केंद्राची सरासरी भागिले यंत्राची सरासरी, हा झाला तुमचा गुणक. उदाहरणार्थ दमट तासांत यंत्राची सरासरी ९० आणि केंद्राची ६० आली, तर त्या तासांना ०.६७ ने गुणायचं. ठिकाण वेगळं असल्यामुळे हा गुणक अगदी नेमका नाही, पण गुणक न लावण्यापेक्षा केव्हाही बरा. परदेशी संकेतस्थळांवरची तयार सूत्रं उचलू नका. ती तिथल्या कणांवर, तिथल्या हवेवर बसवलेली असतात. काही यंत्रं एकाच वेळी दोन पीएम २.५ दाखवतात, एक कारखान्यातल्या कणांसाठीचा आणि एक वातावरणीय. ३० च्या खाली दोन्ही सारखेच, वर गेल्यावर पहिला पुष्कळ फुगतो. वातावरणीय घ्या, आणि एकदा घेतला की तोच चालू ठेवा.

यंत्र ठेवायचं तेही नीट. सावलीत, पावसाचा फवारा येणार नाही असं, भिंतीपासून वीतभर पुढे. स्वयंपाकघराच्या चिमणीचं तोंड, एसीचं बाहेरचं युनिट आणि तुळशीपुढची उदबत्ती यांपासून लांब. झटकलेल्या चादरीची धूळसुद्धा तासाची सरासरी बिघडवते. महिन्यातून एकदा हवेच्या छोट्या फुंकणीने तोंड साफ करा, कोळ्याचं जाळं आत गेलं की आकडा कायमचा चढा राहतो. आणि त्याच्यावरच्या पीएम १० कडे दुर्लक्ष करा. जाडी धूळ या पंख्याने नीट ओढली जात नाही, तो आकडा बहुतांशी बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो.

रात्रीच्या वासाला यंत्र गप्प राहतं, यात यंत्राची चूक नाही. वास वायूचा असतो. विद्रावकांची वाफ, गंधकाची संयुगं, सांडपाण्यातून सुटणारे वायू हे यंत्राला दिसतच नाहीत. म्हणजे आकडा ४० आणि नाकात झोंबणारा वास, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. दम्याच्या मुलाला अशा वायूनेही त्रास होतो, तेव्हा आकडा कमी आहे म्हणून खिडकी उघडी ठेवू नका. एअर प्युरिफायरचा कण गाळणारा हेपा फिल्टरही वास धरत नाही. त्यासाठी कार्बनचा जाड थर लागतो, आणि बाजारातल्या बहुतेक यंत्रांत नावापुरती काळी जाळी असते.

खिडक्यांचं वेळापत्रक नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी असं ठेवा. साधारण बारा-एक ते पाच पश्चिमेच्या खिडक्या सताड उघड्या, या वेळी घर पूर्ण हवेशीर करून घ्या, केर-झाडणं आणि गाद्या उन्हात घालणंही याच वेळी. संध्याकाळी सात-साडेसातला पूर्वेच्या बंद. रात्री झोपायच्या खोलीच्या सगळ्या बंद, सकाळी दहापर्यंत. खोली कोंदट वाटली तर पश्चिमेची दोन बोटं उघडी ठेवा आणि प्युरिफायर चालू राहू द्या. स्वयंपाकघराची चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू केला की तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा कुठून तरी आत येतेच. ती पश्चिमेकडून यावी म्हणून तिकडची खिडकी उघडा. नाहीतर पूर्वेच्या फटीतून येते. गॅस गिझर असेल तर मात्र बाथरूमची खिडकी कधीही बंद करायची नाही, आकडा काहीही असो. आणि घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, साफही करत नाही. आतलीच हवा फिरवतो.

मार्चपासून वारा वाढतो आणि वेळापत्रक सैल करता येतं. जून ते सप्टेंबर पाऊसच हवा धुतो, तेव्हा यंत्र डब्यात ठेवलंत तरी चालेल.

प्युरिफायर घ्यायचा तर खोलीच्या घनफळावरून घ्या, खोक्यावरच्या चौरस फुटांवर विश्वास ठेवू नका. १२ बाय १० ची खोली, साडेनऊ फूट उंच, म्हणजे ११४० घनफूट किंवा ३२ घनमीटर. दम्यासाठी तासाला पाच वेळा हवा गाळली जायला हवी, म्हणून सीएडीआर (यंत्र तासाला किती हवा साफ करून देतं तो आकडा) १६० घनमीटर प्रति तास. पण खोक्यावरचा सीएडीआर सर्वांत जोराच्या वेगाचा असतो, आणि त्या आवाजात मूल झोपत नाही. मंद वेगावर तो पार निम्म्याच्याही खाली येतो. तेव्हा ३०० च्या आसपासचं यंत्र घ्या आणि मंद चालवा. फिल्टर हिवाळ्यात डोळ्यांनी बघून बदला, दिव्याची वाट बघू नका. बरेच दिवे फक्त तास मोजतात.

पण त्याच्याही आधी डासांची कॉइल घराबाहेर काढा. एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे, असं २००३ साली मोजून प्रसिद्ध झालेलं आहे. बंद खोलीत कॉइल आणि उशाशी प्युरिफायर, यात कंपनीचा फायदा आहे, मुलाचा नाही. मच्छरदाणी लावा. उदबत्ती, धूप दुपारी, खिडकी उघडी असताना.

फुटबॉलचं म्हणाल तर आमचं मत पक्कं आहे, वेळ बदलून घ्या. धावताना मूल बसलेल्यापेक्षा पाच-सहा पट हवा ओढतं, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी वगळून. साडेसहाचा तास कसा आहे ते तुम्ही स्वतःच्या यंत्रावर बघालच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सराव संध्याकाळी साडेचारला हलवता येईल का, असं प्रशिक्षकांना विचारा. एकट्या तुमच्या मुलासाठी नको, सगळ्या तुकडीसाठी विचारा. एका संघात दम्याचं मूल एकटंच नसतं. तुमच्या दोन आठवड्यांच्या नोंदीचा एक कागद, सकाळी साडेसहा ते आठ आणि दुपारी साडेचार ते सहा अशा दोन रकान्यांचा, सोबत न्या. तोंडी बोलण्यापेक्षा तो कागद काम करतो. मास्क लावून पळवणं हा पर्याय नाही. एन-९५ लहान चेहऱ्यावर कडेने सुटतो आणि दम लागलेल्या मुलाला त्याने घुसमट होते.

दम्यासाठी डॉक्टरांना पीक फ्लो मीटरबद्दल विचारा. नळीत जोरात फुंकायचं साधं साधन आहे, ९ वर्षांचा मुलगा सहज शिकतो. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन फुंका, त्यांतला सर्वांत मोठा लिहायचा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असेल तर ठीक, ५० ते ८० मध्ये सावध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आराखड्यानुसार औषध, ५० च्या खाली ताबडतोब दवाखाना. पंपाचं प्रमाण मात्र हवेच्या आकड्यावरून स्वतः कमी-जास्त करू नका. पीक फ्लोची वही आणि हवेची वही शेजारी ठेवली की महिन्याभरात दिसेल, मुलाला त्रास धुरक्याच्या सकाळी होतो, वासाच्या रात्री होतो, की सर्दीमागोमाग. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

घर बदलण्याची घाई नको. खारघर डोंगराच्या कुशीत आहे म्हणून हवा चांगली, हे दुपारी खरं वाटतं. पण ईशान्येला तळोजा एमआयडीसी आहे, आणि रात्रीचा मतलई वारा त्याच बाजूने येतो. तिथल्या काही सेक्टरांत वासाची तक्रार तुमच्यासारखीच रात्रीची असते. घोडबंदर रोडला पाठीशी येऊरचा डोंगर, समोर खाडी, कागदावर उत्तम. पण जेएनपीटीकडून गुजरातकडे जाणारी अवजड वाहतूक त्याच रस्त्याने जाते, आणि दिवसा गर्दीच्या वेळी तिला बंदी असल्यामुळे रात्री रांग लागते, नेमकं झाकण बसलेलं असताना. त्यात मेट्रोचं काम आणि चालू इमारती. रस्त्याला लागून असलेला टॉवर आणि येऊरच्या पायथ्याची गल्ली यांत फरक आहे, पण तो धुळीचा आणि वाहनांच्या ताज्या धुराचा जास्त, पीएम २.५ चा कमी. वरचा मजला घेतल्याने दुपारी काही फरक पडत नाही, रात्री थोडा पडू शकतो. त्यासाठी जादा लाखो रुपये मोजावेत असं आम्हाला वाटत नाही.

तरी बघायचंच असेल तर मोजून बघा. दुसरं तसंच यंत्र विकत किंवा उसनं घ्या. आधी दोन्ही तुमच्याच बाल्कनीत शेजारी तीन दिवस ठेवा आणि एक दुसऱ्यापेक्षा किती चढं दाखवतं ते लिहून घ्या. मग एक घरी, एक मालकाच्या परवानगीने त्या घराच्या बाल्कनीत, दोन्ही एकाच वेळी, निदान चार रात्री. वेगवेगळ्या आठवड्यांत घेतलेल्या मापांची तुलना फुकट जाते, कारण मधल्या काळात साऱ्या परिसराचाच थर बदललेला असतो. या यंत्रांची चूक १०० च्या खाली १० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकते. म्हणून त्याहून कमी फरक आला तर दोन्ही घरं सारखीच समजा, आणि शाळा, दवाखाना, तुमची नोकरी यांवर ठरवा. रात्री दहा ते सकाळी नऊ या तासांत सातत्याने २० हून जास्त फरक आला, तर गंभीरपणे विचार करा. रात्री तिथे दोन वाजता एकदा जाऊन श्वास घ्या, तेवढंही खूप सांगतं.

वासाची तक्रार मात्र आजपासून सुरू करा. कारखान्यांचं काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, बांधकामाची धूळ आणि उघड्यावर जाळलेला कचरा नवी मुंबई महापालिकेकडे. दोन्ही एका पत्रात घालू नका, पत्र इकडून तिकडे फिरत बसतं. 'फार वास येतो' एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. तारीख, सुरू झालेली आणि संपलेली वेळ, वास कसा (सडक्या अंड्यासारखा, थिनरसारखा, जळक्या प्लास्टिकसारखा), वारा कुठून, आणि तुमचा सेक्टर. वाऱ्याची दिशा गच्चीवरच्या झेंड्यावरून किंवा केंद्राच्या तासागणिक नोंदीवरून मिळते. तिथे दाखवतात ती वारा येतो त्या बाजूची, जातो त्या बाजूची नव्हे. तुमच्या यंत्राचा आकडा पुरावा म्हणून धरला जाणार नाही, पण दहा-बारा रात्रींच्या नोंदीत 'रात्री दोन ते साडेतीन, ईशान्येचा वारा, थिनरसारखा वास' असं पुन्हा पुन्हा आलं, तर अधिकाऱ्यांना कुठल्या रात्री, किती वाजता आणि कोणत्या गेटसमोर उभं राहायचं ते कळतं. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी स्वतंत्रपणे नोंदी ठेवल्या आणि एकत्र जोडल्या तर उत्तमच. एकमेकांचं बघून लिहू नका, वेळा वेगवेगळ्या आल्या तरी चालतील.